थोरला झोपेना, धाकटा उठेना

माणिकप्पा सरांच्या आयुष्यातले मोठे निर्णय कायम दुसऱ्यांनी घेतले. लग्न वडिलांनी ठरवलं. फिजिक्स हा विषय कॉलेजच्या कारकुनाने ठरवला (केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या). लातुरातल्या कोचिंग क्लासमधली नोकरी मेहुण्याने लावली. स्वतःच्या डोक्याने घेतलेला निर्णय म्हणाल तर एकच, आणि तोही अगदी किरकोळ: दुपारी जेवायला उठताना कॉम्प्युटर बंद करायचा नाही, नुसता झोपवायचा. त्या निर्णयापायी आठ दिवसांत अख्खी गल्ली खाटा-बाजा घेऊन रस्त्यावर आली. तेव्हा बाकीच्या निर्णयांत वडील आणि मेहुणा वेळेवर मध्ये पडले हे एका अर्थी बरंच झालं.

बंद न करण्याला कारण होतं. सरांची मुलगी मंजुषा नांदेडला इंजिनिअरिंगला होती. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि अभ्यासाला लागतं म्हणून वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून गेली. एका डब्यात दोन सिस्टीम. सुरू करताना पडद्यावर दोन नावं येत आणि दहा सेकंदांत तुम्ही काही निवडलं नाही, तर डबा आपल्या मनाने लिनक्स उघडे. सरांच्या प्रश्नपत्रिका, मराठी फॉन्ट आणि प्रिंटर असं सगळं बिऱ्हाड विंडोजमध्ये. आणि सरांना सवय अशी, की बटण दाबायचं आणि पाणी प्यायला आत जायचं. ते मिशा पुसत परत येईपर्यंत दहा सेकंद कधीच होऊन गेलेले असत. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. घरात या दोघांना नावंच पडली होती. जुना तो थोरला, नवा तो धाकटा. थोरल्याच्या घरातलं सगळं धाकट्याला दिसे, धाकट्याच्या घरातलं थोरल्याला काही दिसत नसे. (यात सरांना नवल वाटलं नाही. त्यांनाही एक धाकटा भाऊ होता.)

त्यात सीईटी तोंडावर आलेली. क्लासमध्ये क्रॅश कोर्स चालू होता. सकाळी सात ते अकरा एक बॅच, संध्याकाळी पाच ते नऊ दुसरी. चाकूर, किनवट, कुठून कुठून आलेली पोरं गल्लीगल्लीत खोल्या करून राहिलेली आणि सगळ्यांच्या हातात न्यूटन. सरांनी रोज शंभर प्रश्नांचा पेपर काढायचा. अर्धा झालेला पेपर, उघडलेल्या सात खिडक्या, असा मांडलेला पसारा आवरून डबा बंद करायचा आणि जेवून आल्यावर पुन्हा धाकट्याच्या तावडीत सापडायचं, हे सरांच्या जिवावर यायचं. मंजुषा फोनवर म्हणाली, "अप्पा, स्लीप करत जा. बटण दाबलं की आहे तिथून सुरू होतो." सरांना ही कल्पना फार आवडली, कारण ते स्वतः दुपारी नेमकं तेच करायचे.

तर वैशाख लागायच्या पाच दिवस आधी सरांनी पहिल्यांदा थोरल्याला झोपवलं, पोटभर जेवले आणि बाहेरच्या खोलीतला लोखंडी पलंग ओढून नेमका पंख्याखाली घेतला. पंखा टेबलाच्या जवळ होता, म्हणून पलंगही टेबलाला लागला. एवढं सगळं बेताने जमवून सर आडवे झाले. चार वाजता डोळे उघडले तर कॉम्प्युटर चालू. सातही खिडक्या उघड्या आणि डबा घूं करत जागा.

आता एखादा कॉम्प्युटर आपोआप जागा झाला यात घाबरण्यासारखं काही नाही, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही लातूरचे नाही.

त्र्याण्णव साली, गणपती बोळवून लोक झोपले होते त्या पहाटे, सर आणि त्यांची बायको शिवकांताबाई एका भाड्याच्या माळवदाच्या घरात राहत होते. मंजुषा दोन वर्षांची होती. जमीन हलायला लागली तशा शिवकांताबाई पोरीला घेऊन बाहेर धावल्या, तिला शेजारणीच्या हातात दिलं, आणि मागे बघतात तर नवरा आलेलाच नाही. त्या परत आत गेल्या. सर झोपलेले. फडताळातली भांडी खाली येत होती, माळवदाची माती तोंडावर पडत होती, आणि सर कुशीवर वळले होते. बाईंनी गादीचं टोक धरून त्यांना गादीसकट अंगणात ओढून आणलं. तिथे त्यांना जाग आली आणि त्यांनी विचारलं, "चहा झाला का?" हे वाक्य त्यांच्या सासरी आजही कार्यक्रमात सांगतात.

पण त्याच पहाटे औशाच्या पलीकडे, बाईंच्या माहेराकडची सख्खी मावशी दगडमातीच्या घराखाली गेली. ती मावशी बाईंना लहानपणी मांडीवर घेऊन वेणी घालायची. त्याबद्दल कुणी विनोद केला नाही आणि शिवकांताबाईंनीही कधी तो विषय काढला नाही. त्यांनी फक्त एक केलं. त्या दिवसापासून बाई रोज रात्री पत्र्याखाली झोपायला लागल्या. डोक्यावर पडला तर पत्रा पडेल, टेंगूळ येईल, माणूस राहील. आणि हाक मारून न उठणारा नवरा आत एकटा सोडायची सोय नव्हती, म्हणून सरांनाही पत्रा. असे सतरा उन्हाळे गेले. लातूरच्या वैशाखात पत्र्याची खोली रात्री दहा वाजतासुद्धा भाकरी भाजून निघेल अशी तापलेली असते, आणि सर अंगाने भरलेले.

शेवटी सरांनी स्लॅबचं घर बांधलं. मागल्या बसव जयंतीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, वास्तुशांत झाली. बाईंनी परसात एक पत्र्याची खोली ठेवायला लावली आणि अट घातली. या बसव जयंतीपासून पुढल्या बसव जयंतीपर्यंत घरात आपोआप काही हललं नाही, तर त्या स्लॅबखाली झोपतील. हललं, तर जन्मभर पत्रा, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. पुरावा म्हणून समोरच्या भिंतीच्या शोकेसवर त्यांनी स्टीलचे पाच पेले एकावर एक उपडे रचून ठेवले. भूकंपानंतर कित्येक घरांत असा मनोरा असायचा, पडला की बाहेर पळायचं. वर्षभरात तो दोनदा पडला. दोन्ही वेळा पेल्याला मांजराचे केस सापडल्यावरच प्रकरण मिटलं. (दुसऱ्या वेळचे केस सरांनी स्वतः शोधून आणले होते, शेजारच्या मांजराच्या अंगावरून.) आता अक्षरशः आठ दिवस उरले होते. सर मनातल्या मनात पंख्याखाली झोपलेसुद्धा होते.

पहिल्या दिवशी त्यांनी काही बोलायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं आणि या वेळी बाई खोलीत आल्या होत्या.

"अवो, हे काय करूलालंय बघा," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावला न्हाई, आन् ह्यो उठून बसलाय."

सरांनी हसून सांगितलं की यंत्र आहे, होतं असं. बाईंनी पेल्यांच्या मनोऱ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. आणि त्या आत गेल्या. सतरा वर्षांच्या अनुभवाने सरांना ती नजर पाठ झाली होती.

त्या संध्याकाळपासून सर हात धुऊन दुरुस्तीच्या मागे लागले. मंजुषाची परीक्षा चालू होती तरी तिला फोन केला. ती म्हणाली नेटवर्क कार्ड उठवत असेल. सरांनी त्याची उठवण्याची परवानगी काढून घेतली. तिसऱ्या दिवशी थोरला उठला. ती म्हणाली आपोआप अपडेट होत असेल, वेळापत्रक बंद करा. सरांनी सगळी वेळापत्रकं बंद केली (क्लासचंही बंद करता आलं असतं तर त्यांना चाललं असतं). चौथ्या दिवशी थोरला उठला. मग सरांनी स्वतःच ती यादी काढली, जिच्यात कॉम्प्युटरला उठवायचा हक्क कुणाकुणाला आहे ते लिहिलेलं असतं. कीबोर्डची खूण काढली. माउसची काढणार, तेवढ्यात थांबले. कुणीतरी उठवायला ठेवलं पाहिजे ना. आणि टेबलाच्या काचेवर पडलेला गरीब माउस आपणहून कुठे हलणार. त्याची खूण राहू दिली.

पंचाईत अशी होती, की सर समोर बसून राहिले की थोरला शहाण्या मुलासारखा झोपे. दीड दीड तास सर खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत, तो हूं की चूं करत नसे. म्हणून सर म्हणत, झालं, सुटला प्रश्न, आणि समाधानाने पलंगावर अंग टाकत. ते उठत तेव्हा तो आधीच उठलेला असे.

चौथ्या दिवशी बाईंनी शेषेरावांना बोलावलं. शेषेराव समोरच राहत, रिटायर झालेले. भूकंपानंतर सहा महिने ते पुनर्वसनाच्या कामावर होते, तिथे पत्रे मोजायचे. तेवढ्या भांडवलावर सगळी गल्ली त्यांना भूगर्भातलं विचारायची. त्यांनी टेबलाच्या काचेवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ नाडी बघितल्यासारखं केलं.

सर म्हणाले, "शेषेराव, पेले पडले नाहीत. जमीन हलली असती तर आधी पेले पडले असते."

"पेले मोठ्या धक्क्याला पडतेत सर," शेषेराव डोळे न उघडता म्हणाले. "हे बारके हायेत. मशीनला कळतेत, आपल्याला न्हाई. आधी बारके, मंग मोठा. त्र्याण्णवला बी असंच."

सर फिजिक्सचे मास्तर. तरंग, कंपन, अनुनाद हे तीन धडे ते वीस वर्षं शिकवत होते. पण घरात फिजिक्सला मान नव्हता, कारण फिजिक्स शिकलेला माणूस भूकंपात झोपला होता, आणि शेषेराव जागे होते. त्यामुळे सरांनी वाद सोडून सरळ लबाडी करायची ठरवली.

धाकट्याची एक खोड सरांना आधीपासून माहीत होती. त्याचं आणि त्यांच्या जुन्या डिस्प्ले कार्डाचं जमत नव्हतं. रिकामा राहिला की तो आपणहून झोपे, आणि झोपला की पडदा काळा होई तो काळाच राही. माउस हलवा, बटणं बडवा, कानात ओरडा, उठणार नाही. शेवटी मागची वायर काढून घालावी लागे. सहा महिने ज्या खोडीला सरांनी शिव्या दिल्या, ती आता त्यांना देवासारखी वाटली. पाचव्या दिवशी त्यांनी प्रश्नपत्रिकेवर पाणी सोडलं, धाकटा उघडला, धाकट्याला झोपवलं आणि स्वतः झोपले. चार वाजता पडदा काळाकुट्ट. सरांनी बाईंना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. काही हललं नाही, काही उठलं नाही.

शिवकांताबाईंनी माउस हलवला. बटण दाबलं. डब्यावर एक चापट मारली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो धाकटा हाय ना?"

सर म्हणाले, हो, पण त्याने काय फरक पडतो.

"ह्यो उठत न्हाई म्हंजे हललं न्हाई, असं कसं म्हणायचं? तुम्ही बी उठला नव्हता."

बाईंनी पुढे सांगून टाकलं की साक्षीला थोरलाच पाहिजे, धाकट्याची साक्ष चालणार नाही, आणि डबा बंद ठेवला तर ते हललं असंच धरलं जाईल.

शेषेरावांनी तोवर बातमी गल्लीत सोडली होती: सरांच्या कॉम्प्युटरला भूकंप आधी कळतो. सहाव्या दिवशी दुपारी दोनपासून ओट्यावर बायका जमल्या. सर आत झोपले होते आणि दारातून चार डोकी थोरल्याकडे बघत होती. पावणेतीनला पडदा उजळला. शेषेरावांनी हात वर केला आणि सगळी गल्ली उन्हात बाहेर आली. म्हाताऱ्यांना बाजेसकट आणलं. कुणी गॅस बंद केला, कुणी पासबुकं घेतली, एका घरातून तर शिवणयंत्र बाहेर आलं. वीस मिनिटं सगळे बाभळीच्या फुटकळ सावलीत उभे राहिले. सर आत झोपले होतेच. यावेळी त्यांना ओढून काढायला बाईंचा पहिला नंबर होता, पण चौघींनी मिळून ओढूनही ते पलंगासकट दारात अडकले, म्हणून तसेच सोडून सगळ्या बाहेर पळाल्या. उठल्यावर पलंग आडवा का झाला हे सरांना समजेना. त्यांनी तो पुन्हा सरळ करून टेबलाला लावला.

सातव्या दिवशी सकाळी क्लासमध्ये ते फळ्यावर आकृती काढत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, काल कितीचा झाला?" नऊ वाजता चाकूरहून एका पोराचे वडील टेम्पो घेऊन आले आणि पोराला गादीसकट घेऊन गेले. मधल्या सुट्टीत क्लासच्या संचालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की सीईटीला थोडेच दिवस आहेत, पोरं वह्या सोडून पंख्याच्या दांड्याकडे बघत बसतात, तर सरांनी एकतर कॉम्प्युटर दुरुस्त करावा किंवा भूकंप. सर खाली मान घालून घरी आले. नोकरीची त्यांना तेवढी काळजी नव्हती, फिजिक्सचे मास्तर लातुरात उपाशी राहत नाहीत. काळजी शिवकांताबाईंची होती. त्यांनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. पत्र्याखालीसुद्धा त्या उठून बसायच्या आणि जमिनीवर हात ठेवून बघायच्या. सरांना हे तिसऱ्या माणसाकडून कळलं, कारण ते झोपलेले असत. पण कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. वर्षभर पेल्यांवर फडकं मारून मारून बाईंनी जो धीर गोळा केला होता, तो आपल्या एका डब्याने घालवला. पंखा मिळाला नाही तरी चालेल, पण बायकोला झोप लागू दे, असं सरांनी त्या दुपारी महादेवाच्या फोटोला हात जोडून सांगितलं. मग जेवले आणि सवयीने झोपायला निघाले.

तेवढ्यात मंजुषा नांदेडच्या एसटीतून उतरून घरी पोचली. शेवटचा पेपर देऊन, उद्याच्या बसव जयंतीसाठी. तिने पिशवी ठेवली, आईचा चेहरा बघितला, शेषेरावांचं व्याख्यान ऐकून घेतलं, दारातल्या बायकांना बसायला सतरंजी दिली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही रोज करता तसं करा. काही बदलू नका."

सर म्हणाले, एवढ्या लोकांत झोप कशी लागेल. पण तो संकोच नुसता म्हणायचा होता. थोरल्याला झोपवून ते पलंगावर पडले आणि पाचव्या मिनिटाला झोपी गेले.

पुढचं सरांनी पाहिलं नाही. त्यांना ते नंतर प्रत्येकाने वेगवेगळं, पण सारख्याच आनंदाने सांगितलं.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग सर घोरायला लागले. आधी हळू, मग सूर सापडला तसे जोरात. घोरताना सरांचं अंग छातीपासून पोटऱ्यांपर्यंत हलतं, हे घरच्यांना माहीत होतं, पण सतरा वर्षं ते जमिनीवरच्या गादीवर झोपत आल्याने ते हलणं गादीतच जिरायचं. आता खाली लोखंडी पलंग होता. पलंगाची कड टेबलाला टेकलेली, टेबलावर काच, काचेवर माउस. मंजुषा वाकून बघत बसली. सरांनी एक लांब श्वास ओढला, सोडला, पलंग कुरकुरला, काच थरथरली आणि माउस गव्हाच्या दाण्याएवढा सरकला. थोरला उठून बसला.

शेषेरावांनी हात वर केला. मंजुषाने तो धरून खाली केला. तिने थोरल्याला पुन्हा झोपवलं आणि पलंग चार बोटं मागे ओढला. सर घोरत राहिले, थोरला झोपून राहिला. पलंग परत टेकवला. तिसऱ्या घोरण्याला थोरला जागा. तिने हे तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. शेवटच्या वेळी दारातल्या बायका मोजत होत्या.

मग तिने वडिलांना हलवून उठवलं. खोलीत दहा माणसं, दारात पंधरा. सर उठून बसले, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "चहा झाला का?"

हसण्याचा तो आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत गेला असेल. काय झालं ते मंजुषाने सांगितलं. मग टेबलावरचा कालचा पेपर उचलून त्यातला सदतिसावा प्रश्न मोठ्याने वाचला. एका वस्तूचं कंपन तिला टेकलेल्या दुसऱ्या वस्तूत कसं जातं, सकारण लिहा. प्रश्न सरांनीच काढलेला होता. उत्तरही त्यांना येत होतं.

शिवकांताबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, जमिनीवर पाय दाबून धरले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सतरा वर्षं जमिनीला भेत आले मी," त्या म्हणाल्या. "आन् हलवत तुम्ही होता." मग त्यांना हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. सरांना बायको अशी हसलेली कधी आठवत नव्हती. आपण वीस वर्षं शिकवलेल्या विषयात असे नापास झालो याचं दुःख त्यांना त्या हसण्यापुढे फारसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बसव जयंती. मिरवणूक झाली, पुरणपोळी झाली. पेले जागचे हलले नव्हते, थोरल्याची साक्ष निकालात निघाली होती, आणि शिवकांताबाईंनी शब्द पाळला. संध्याकाळी त्यांनी आपली गादी परसातून आणून बाहेरच्या खोलीत, स्लॅबखाली, पंख्याखाली घातली. शेजारी मंजुषाची घातली. सर उशी बगलेत मारून, सतरा वर्षांची आशा तोंडावर घेऊन दारात उभे राहिले.

"तुम्ही कुठं?" बाईंनी विचारलं.

सर म्हणाले, इथे, पंख्याखाली.

"मी पहिल्यांदा स्लॅबखाली झोपणार हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "आज घरात काही हललं न्हाई पाहिजे. तुम्ही पत्र्यात जा."

सरांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. फक्त एवढी सवलत मिळाली की लोखंडी पलंग सोबत नेता येईल, कारण तोच पलंग घरात बाईंना नको होता. सरांनी तो परसातल्या खोलीत नेला, वाऱ्याची झुळूक यावी म्हणून खिडकीच्या बाजूला, पत्र्याच्या भिंतीला अगदी चिकटून लावला, आणि मनाला समजावत आडवे झाले.

सकाळी सात वाजता ते आळस देत पुढच्या अंगणात आले तर गल्लीत बाजाच बाजा. सगळे लोक रस्त्यावर पडलेले, कुणी घोंगडीत, कुणी सतरंजीवर, बाभळीखाली ते शिवणयंत्र. शेषेराव लाल डोळ्यांनी ओट्यावर बसले होते. एवढ्यात घराचं पुढचं दार उघडलं आणि शिवकांताबाई बाहेर आल्या. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. रस्त्यावरचा देखावा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हललं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"लई हललं वहिनी," शेषेराव म्हणाले. "रातभर. तुमच्या परसातले पत्रे नुसते वाजत होते. एक माणूस घरात झोपला न्हाई."

"भूकंप?"

शेषेरावांनी सरांकडे बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "सर."

शिवकांताबाईंनी ते ऐकून घेतलं, एकदा वर स्लॅबकडे बघितलं, आणि अजून थोडं पडते म्हणून आत जाऊन पुन्हा झोपल्या. सरांनी चहाचं विचारायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.